खाण मिटली, हिशेब उरला

खाणगावात भोंगा रोजच वाजतो. पाळी बदलली की वाजतो, आणि स्वयंपाकघरातली बाई त्यावर डाळ-तांदळाची वेळ धरते. जपानच्या उत्तरेला, होक्काइदो बेटावरच्या युबारी शहरात २३ ऑक्टोबर १९८१ रोजी जो भोंगा वाजला, त्यावर मात्र गाव जागच्या जागी उभं राहिलं. आठवडाभरापूर्वी, १६ तारखेला, तिथल्या 'नव्या युबारी' खाणीत खोल तळाशी कोळशाच्या थरातून वायूचा प्रचंड लोट फुटला होता आणि पाठोपाठ आग लागली होती. ५९ माणसं अजून आतच होती. पाणी सोडल्याशिवाय आग विझणार नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. त्यासाठी आत अडकलेल्यांच्या घरी जाऊन तिने संमती मागितली. कोणत्या तोंडाने मागितली असेल आणि कोणत्या मनाने दिली गेली असेल, याची कल्पनाही करवत नाही. भोंगा वाजला, लोकांनी माना खाली घातल्या आणि खाणीत पाणी सुटलं.

एकूण ९३ माणसं गेली. शेवटचे देह वर आणायला पुढच्या वर्षीचा मार्च उजाडला. ऑक्टोबर १९८२ मध्ये ती खाण कायमची बंद झाली.

कोळसा संपल्यावर गावाचं काय होतं, असा प्रश्न निघाला की अभ्यासक बहुधा जर्मनीतल्या रूरकडे बोट दाखवतात. तिथे खाणींच्या जागी विद्यापीठं आली, एसेनची त्सोलफेराइन खाण २००१ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेली आणि २०१८ मध्ये शेवटची खाण बंद झाली तेव्हा देशाचे राष्ट्राध्यक्ष हजर होते. पण रूर हा श्रीमंत देशाचा, दाट वस्तीचा, रेल्वे-कालव्यांनी विणलेला भाग आहे. जगातली बहुतेक खाणगावं तशी नसतात. ती युबारीसारखी असतात. एका अरुंद दरीत, एकाच कंपनीच्या भरवशावर वसलेली. म्हणून मला युबारीची गोष्ट सांगायची आहे.

होक्काइदोतल्या कोळशाचा शोध घ्यायला जपान सरकारने १८७०च्या दशकात बेंजामिन स्मिथ लायमन या अमेरिकी भूवैज्ञानिकाला बोलावलं. हाच माणूस त्याआधी इंग्रज सरकारच्या नोकरीत पंजाबात खनिज तेलाची पाहणी करून गेला होता. युबारी नदीच्या वरच्या अंगाला कोळसा असावा, असा त्याच्या पथकाचा कयास होता. तो खरा केला त्याचा शिष्य बान इचितारो याने. १८८८ मध्ये त्याला डोंगराच्या कुशीत कोळशाचा एक थर उघडा पडलेला सापडला. त्याची जाडी होती २४ फूट, म्हणजे दोन मजली घराइतकी. दोन वर्षांत खाण सुरू झाली. जिथे झाडी आणि बर्फाशिवाय काही नव्हतं, तिथे कोळशासाठी रेल्वे आली आणि रेल्वेमागून माणसं आली.

खाणी दोन मोठ्या घरांच्या. एक होकुतान, म्हणजे होक्काइदोची जुनी कोळसा कंपनी, आणि दुसरी मित्सुबिशी. ऐन भरात युबारीत लहानमोठ्या २४ खाणी होत्या आणि १९६० साली शहराची वस्ती एक लाखाच्या वर गेली होती. त्या दरीत एक लाख माणसं म्हणजे काय, ते समजायचं तर 'तानजू' समजून घ्यावं लागेल. तानजू म्हणजे कामगारांच्या लाकडी चाळी. डोंगराच्या उतारावर पायऱ्या पायऱ्यांनी चढत गेलेल्या या चाळी कंपनीच्या होत्या. पाणी कंपनीचं, शेकोटीचा कोळसा कंपनीचा, सार्वजनिक स्नानगृह कंपनीचं आणि दवाखानाही कंपनीचाच. या सगळ्यासाठी कामगाराच्या खिशातून जवळजवळ काहीच जात नसे. त्यामुळे कुठल्याही सामान्य शहरात पालिकेने जे करायचं, ते युबारीत पालिकेला कधी करावंच लागलं नाही. पुढचं सगळं महाभारत या एका गोष्टीतून घडलं.

या सुखसोयींची किंमत जमिनीखाली मोजली जात होती. १९१४ साली युबारीच्या एकाच स्फोटात ४०० हून अधिक माणसं मेली. दुसऱ्या महायुद्धात कोरियातून आणि चीनमधून सक्तीने आणलेले मजूर याच बोगद्यांमध्ये राबवले गेले. युबारीचा इतिहास लिहिताना चाळीतल्या शेजारधर्माबद्दल पुष्कळ जिव्हाळ्याने लिहिलं जातं आणि ते खरंही आहे. पण त्या चाळींच्या सावलीत ही माणसंही होती. त्यांना वगळून तो इतिहास पूर्ण होत नाही.

१९६१ साली जपानने सुमारे साडेपाच कोटी टन कोळसा काढला. युद्धानंतरच्या काळातला तोच कळस ठरला. मध्यपूर्वेतलं तेल स्वस्तात येऊ लागलं होतं आणि १९६२ मध्ये तेलाच्या आयातीवरची बंधनं उठली. मागून ऑस्ट्रेलियाचा उघड्या खाणींतला कोळसा आला. हजार मीटर खोलीतून, वायूशी झगडत काढलेला होक्काइदोचा कोळसा त्यापुढे भावात टिकणं शक्यच नव्हतं. टोकियोतल्या सरकारने एकामागून एक कोळसा-धोरणं आखली. या धोरणांचं काम साधं होतं. कमकुवत खाणी मिटवायच्या, चांगल्या खाणींना अनुदान देऊन थोडी वर्षं चालवायच्या आणि मोकळ्या झालेल्या कामगारांना दुसरीकडे लावायचं.

युबारीत खाणी एकेक करून मिटू लागल्या. तरुण कामगार साप्पोरोला, टोकियोच्या आसपासच्या कारखान्यांत निघून गेले. १९७७ साली यामादा योजी यांच्या 'पिवळा रुमाल' या चित्रपटात जपानभरच्या प्रेक्षकांनी जे युबारी पाहिलं, ते हे ओसरतं गाव होतं. तुरुंगातून सुटलेला खाणकामगार बायकोने अजून आपली वाट पाहिली आहे का, हे बघायला घरी परततो आणि काठीवर पिवळ्या रुमालांची रांग फडफडताना दिसते. जिथे ते चित्रीकरण झालं त्या चाळी आजही जपून ठेवल्या आहेत. लोक तिथे येतात आणि भिंतींवर पिवळ्या चिठ्ठ्या लिहून चिकटवतात. तशी खरी घरं मात्र चित्रपट आला तोवरच हजारोंनी ओस पडली होती.

तरी एक आशा शिल्लक होती, ती म्हणजे 'नवी युबारी' खाण. १९७५ पासून उत्पादन देणारी, नव्या तंत्राची, पोलादाला लागणारा उत्तम कोळसा असलेली. सरकारचा आणि होकुतानचा सगळा भरवसा तिच्यावर होता. कर्जाखाली दबलेल्या कंपनीला उत्पादनाची घाई होती आणि त्या घाईचा शेवट १९८१च्या ऑक्टोबरात झाला. दुसरी मोठी खाण मित्सुबिशीची, मिनामी-ओयुबारीची. १७ मे १९८५ रोजी तिथे वायूचा स्फोट होऊन ६२ माणसं मेली. १९८७ पासूनच्या आठव्या कोळसा-धोरणाने देशी उत्पादन एक कोटी टनांवर आणायचं ठरवलं आणि मार्च १९९० मध्ये ही खाणही थांबली. युबारीतली ती शेवटची खाण. शंभर वर्षांचा उद्योग तिच्याबरोबर संपला.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो. कंपनी जाते तेव्हा मागे काय राहतं?

होकुतान गेली तेव्हा मागे राहिल्या हजारो चाळी, पाण्याच्या टाक्या आणि नळ, स्नानगृहं, इस्पितळ, रस्ते आणि थकलेले कर. मागे राहिली ती माणसंही बहुतांशी म्हातारी होती. त्यांना दुसरीकडे कोणी कामावर घेणार नव्हतं. आजवर फुकट मिळणारं पाणी, घर, ऊब आता कोण देणार? पालिकेने हे सगळं अंगावर घेतलं. कंपनीची जमीन आणि घरं विकत घेतली, चाळी पाडून सरकारी सदनिका बांधल्या, नळ नव्याने टाकले, इस्पितळ चालवायला घेतलं. १९७९ ते १९९४ या काळात खाणी बंद झाल्यानंतरच्या या आवराआवरीवर ५८३० कोटी येन खर्च झाले आणि त्यातले ३३२० कोटी शहराने कर्जरोखे काढून उभे केले. हे आकडे नीट पाहावेत, असं मला वाटतं. युबारीच्या पुढच्या दिवाळखोरीबद्दल बोलताना जपानी वर्तमानपत्रांनी रंगीबेरंगी पाळणे आणि रिकाम्या हॉटेलांचे फोटो छापले. पण कर्जाचा पहिला आणि मोठा थर खेळण्यांचा नव्हता, तो नळांचा आणि घरांचा होता. नफा शंभर वर्षं दरीबाहेर गेला आणि झाडलोट दरीत राहिलेल्यांनी केली.

हे सगळं ज्यांच्या हातून झालं ते महापौर नाकाता तेत्सुजी. १९७९ ते २००३, सलग २४ वर्षं ते त्या खुर्चीत होते. धडाडीचा, गावावर जीव असलेला माणूस. 'कोळशाकडून पर्यटनाकडे' ही त्यांची घोषणा. तिच्यावर हसणं आज सोपं आहे, पण १९८२च्या युबारीत उभं राहून विचार करून पाहा. तुमच्याकडे दरी आहे, बर्फ आहे, रिकाम्या खाणी आहेत आणि काम मागणारे लोक आहेत. दुसरं काय आहे? नाकातांनी जुन्या खाणीच्या जागेवर कोळसा इतिहास ग्राम उभारलं. खाणीचं उत्तम संग्रहालय, त्यात खऱ्या बोगद्यातून चालत जायची सोय. इथवर ते शहाणपणाचंच होतं. पण मग त्याच्या शेजारी पाळणे आले, १९८८ मध्ये यंत्रमानवांचं संग्रहालय आलं, हॉटेलं आली. १९८७च्या पर्यटन-विकास कायद्याने जपानभर असल्या योजनांना ऊत आला होता आणि पैसा स्वस्त होता. सरकारी पातळीवरून युबारीचं कौतुकही होत होतं.

फेब्रुवारी १९९० मध्ये, शेवटची खाण मिटायच्या महिनाभर आधी, युबारीत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. १९९३ साली क्वेंटिन टॅरेंटिनो नावाचा एक नवखा दिग्दर्शक आपला पहिला चित्रपट घेऊन त्या बर्फात आला. त्याला गाव इतकं आवडलं की दहा वर्षांनी 'किल बिल'मधल्या एका शाळकरी मारेकरणीचं नाव त्याने गोगो युबारी ठेवलं. माझ्या मते महोत्सव ही नाकातांची सगळ्यांत चांगली कल्पना होती. हॉटेलाइतका खर्च तिला लागत नव्हता आणि तिच्यामुळे गावातली माणसं पाहुण्यांना घरी बोलावू लागली.

बाकीच्याची गोष्ट वेगळी. १९९०च्या दशकात जपानची तेजी फुटली. खासगी गुंतवणूकदार एकेक करून बाहेर पडू लागले आणि प्रत्येक वेळी पालिकेपुढे तोच प्रश्न आला: हॉटेल बंद पडलं तर तिथल्या शे-दीडशे नोकऱ्यांचं काय? मग पालिकाच हॉटेल विकत घेई. १९९६ मध्ये एक हॉटेल सुमारे २०० कोटी येनला घेतलं. २००२ मध्ये माउंट रेसीचं स्कीइंगचं मैदान आणि हॉटेल सुमारे २६० कोटींना घेतलं. होकुतान गेली तेव्हा जे केलं, तेच पुन्हा. खासगी कंपनीने टाकून दिलेलं ओझं गावाने उचलायचं. युबारीला दुसरी रीत माहीतच नव्हती. शंभर वर्षं कोणीतरी एक मोठा धनी गाव सांभाळत आला होता आणि आता पालिकेनेच त्या धन्याची जागा घेतली होती. फरक इतकाच की या धन्याकडे विकायला कोळसा नव्हता.

२००१ मध्ये कोळसा-प्रदेशांना मदत देणारा १९६१चा विशेष कायदा संपला. पुढच्याच वर्षी, जानेवारी २००२ मध्ये, कुशिरोची ताइहेइयो खाण थांबली आणि जपानच्या मोठ्या खाणींचं युग आटोपलं. खाणी उरल्या नाहीत, म्हणून खाणगावांसाठीची मदतही उरली नाही, असं ते सरकारी तर्कशास्त्र. खाण बंद होते त्याच दिवशी गाव बरं होतं, असं गृहीत धरल्यासारखं. त्यानंतर केंद्राकडून स्थानिक संस्थांना मिळणारा वाटाही कमी होत गेला.

आणि इथून हिशेबाची लपवाछपवी वाढत गेली. जपानमध्ये पालिकेचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, पण मागच्या वर्षाची येणी-देणी मिटवायला मेअखेरपर्यंत खाती उघडी असतात. या दोन महिन्यांत जुनं वर्षही चालू असतं आणि नवंही. युबारीच्या कारभाऱ्यांनी नव्या वर्षाच्या खात्यातून पैसे उचलून ते जुन्या वर्षाच्या खात्यात 'परतफेड' म्हणून दाखवले. ताळेबंद जुळला. तूट दिसेनाशी झाली. मग वर्षभरासाठी बँकांकडून अल्प मुदतीचं कर्ज काढायचं आणि पुढच्या वसंतात पुन्हा तेच. पर्यटनाच्या खात्यातला खड्डा दर वर्षी असा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकत राहिला आणि मोठा होत राहिला. कागदावर शहर धडधाकट होतं. बँका कर्ज देत राहिल्या, कारण पालिका बुडू देणार नाही ते सरकार, अशी त्यांची खात्री. नाकाता २००३ मध्ये पायउतार झाले आणि त्याच वर्षी वारले. आपल्या पश्चात काय उघडं पडलं ते त्यांना पाहावं लागलं नाही.

जून २००६ मध्ये महापौर गोतो केंजी यांनी नगरसभेत जाहीर केलं की शहर दिवाळखोर आहे.  सगळी देणी मिळून ६३ अब्जांच्या, म्हणजे ६३०० कोटी येनच्या घरात होती. त्यातली थेट तूट म्हणून जी फेडायची ठरली ती ३५३० कोटी येनची. शहराचं वर्षाचं सर्वसाधारण उत्पन्न होतं ४५० कोटींच्या आत. म्हणजे आठ वर्षं कोणाला एक येनही न देता सगळं उत्पन्न भरलं असतं, तेव्हा कुठे ती फिटली असती. मार्च २००७ मध्ये युबारी अधिकृतपणे सरकारच्या देखरेखीखाली गेलं. परतफेडीची मुदत सुरुवातीला ठरली १८ वर्षं. २००५च्या जनगणनेत शहरात माणसं होती १३,००१.

या तेरा हजारांनी काय काय फेडलं ते सांगायला हवं. पालिकेचे निम्म्याहून अधिक कर्मचारी नोकरी सोडून गेले, राहिलेल्यांचे पगार कापले गेले. महापौरांचा पगार ७० टक्क्यांनी कमी झाला. शहरभर विखुरलेल्या प्राथमिक शाळा मिळून एक शाळा झाली आणि माध्यमिक शाळांचीही एकच. वाचनालय बंद झालं. रहिवासी कर, वाहन कर वाढले, कचरा उचलायचे पैसे लागू लागले. १७१ खाटांचं पालिकेचं इस्पितळ १९ खाटांच्या दवाखान्यावर आलं. डॉक्टर मुराकामी तोमोहिको २००७ मध्ये तिथे आले आणि त्यांनी उरलेल्या साधनांत घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना तपासायची पद्धत बसवली. ते काम मोलाचं होतं. पण चांगल्या डॉक्टरामुळे निभावलं म्हणून इस्पितळ बंद करणं योग्य ठरत नाही.

ज्या मुलांना शाळेसाठी दरीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला बसने जावं लागलं, ती १९९० नंतर जन्मली होती. त्यांनी कोळशाचं ढेकूळ संग्रहालयातच पाहिलं असेल. त्यांनी हॉटेलं घेतली नव्हती, खाती फिरवली नव्हती. आणि ज्या कंपन्यांनी तो कोळसा विकला, त्यांच्या नावावर या ३५३० कोटींतला एक येनही पडला नाही. युबारीच्या दिवाळखोरीत मला सगळ्यांत जास्त खुपते ती ही गोष्ट.

याच दरीत दुसरी एक कहाणी चालू होती, आणि तिच्याकडे महापौरांपेक्षा शेतकऱ्यांनी लक्ष दिलं होतं. १९६०च्या सुमारास, खाणी जोरात असतानाच, मूठभर शेतकऱ्यांनी खरबुजाच्या दोन जातींचा संकर केला. युबारीची जमीन ज्वालामुखीच्या राखेची, पाणी न धरणारी. भाताला वाईट, पण खरबुजाला उत्तम. दिवसा ऊन आणि रात्री गारठा, त्याने फळात गोडी उतरते. 'युबारी किंग' नावाचं हे केशरी गराचं फळ त्यांनी कसोशीने सांभाळलं. बियाणं बाहेर जाऊ द्यायचं नाही, प्रत्येक फळ तपासून प्रतवारी लावायची, कमी प्रतीचं फळ युबारीच्या नावाने विकायचं नाही. पुढे घरपोच पार्सलसेवा आल्यावर ते जपानभर भेट म्हणून जाऊ लागलं. शहर दिवाळखोर होतं तेव्हाही खरबुजांचे लिलाव विक्रम मोडत होते. २०१९च्या हंगामातल्या पहिल्या जोडीला साप्पोरोच्या बाजारात ५० लाख येन मिळाले. २०१५ मध्ये जपानने भौगोलिक मानांकन द्यायला सुरुवात केली, तेव्हाच्या पहिल्याच यादीत युबारीचं खरबूज होतं.

खरबुजाने एक लाख माणसांची पोटं भरली नसती, हे खरं आहे. पण हा धंदा खाण बंद व्हायच्या वीस-तीस वर्षं आधी सुरू झाला होता, हळू वाढला होता आणि त्याचे मालक गावातच राहत होते. यातली एकही गोष्ट पाळण्यांबद्दल किंवा हॉटेलांबद्दल म्हणता येत नाही. पर्यायी धंदा खाण चालू असतानाच रुजवावा लागतो. भोंगा थांबल्यावर घाईने लावलेलं रोप जगत नाही.

२००८ मध्ये टोकियोच्या महानगर शासनातला एक तरुण कर्मचारी, सुझुकी नाओमिची, युबारीला मदतीसाठी पाठवला गेला. मुदत संपल्यावर तो परत गेला, पण गावकऱ्यांनी त्याला पुन्हा बोलावलं. २०११ मध्ये तो तिसाव्या वर्षी युबारीचा महापौर झाला. त्याने जे केलं ते करायला नाकातांना कधी धीर झाला नसता. त्याने कबूल केलं की गाव आता लहानच होत जाणार, तर ते नीट लहान करू. खाणींच्या तोंडाशी वसलेल्या वाड्या दरीत लांबलांब पसरल्या होत्या. अर्ध्या रिकाम्या सदनिकांना पाणी पुरवायचं, त्यांच्या वाटेवरचा बर्फ काढायचा, हा खर्च भरलेल्या इमारतीइतकाच येतो. सुझुकी आणि त्याच्या माणसांनी घरोघर बसून लोकांची मनं वळवली. एकाच वसाहतीतल्या विखुरलेल्या कुटुंबांना एका इमारतीत आणलं, नवी घरं दरीच्या मध्यावर शिमिझुसावाला बांधली. ऐंशीच्या घरातल्या आजींना शेजारणीपासून न तोडता हलवायचं, हे काम एखाद्या कारखान्याचं उद्घाटन करण्यापेक्षा फार अवघड आहे.

रेल्वेचंही तेच केलं. शतकापूर्वी कोळशासाठी आलेली युबारीची शाखा तोट्यात होती आणि ती जाणार हे दिसत होतं. सुझुकीने २०१६ मध्ये स्वतःहून ती बंद करायचा प्रस्ताव ठेवला आणि बदल्यात रेल्वे कंपनीकडून बससेवेसाठी निधी मिळवला. ३१ मार्च २०१९ रोजी १६.१ किलोमीटरच्या त्या मार्गावर शेवटची गाडी धावली. पुढच्याच महिन्यात सुझुकी होक्काइदोचा राज्यपाल म्हणून निवडून आला.

पण याच काळातला दुसरा व्यवहार मनाला लागतो. २०१७ मध्ये शहराने ते स्कीइंगचं मैदान आणि हॉटेलं चिनी भांडवलाच्या एका कंपनीला सुमारे २२ कोटी येनला विकली. तिने दोन वर्षांत ती कित्येक पट किमतीला पुढे विकली आणि २०२०च्या डिसेंबरात चालवणारी कंपनी बुडाली. शंभर वर्षांत मालक बदलले, रीत तीच राहिली.

एप्रिल २०१९ मध्ये खाण-संग्रहालयातल्या बोगद्याला आग लागली. भिंतीतला कोळसा पेटला. विझवायला पुन्हा एकदा बोगद्यात पाणी सोडावं लागलं. या वेळी आत कोणी नव्हतं. तरी ज्यांनी १९८१चा भोंगा ऐकला होता, त्यांना त्या पाण्याचा आवाज कसा वाटला असेल?

२०२०च्या जनगणनेत युबारीत ७,३३४ माणसं होती आणि त्यांतली निम्म्याहून अधिक पासष्टीच्या पुढची. दर वर्षी सुमारे २६० कोटी येनचा हप्ता ती भरत आली. पुढे बदललेल्या आराखड्याप्रमाणे मार्च २०२७ ही शेवटच्या हप्त्याची मुदत.

ही गोष्ट मराठीत सांगायचं कारण चंद्रपूर, वणी, उमरेड, बल्लारपूर इथल्या वाचकांना सांगायला नको. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक घर पाहता पाहता जमिनीत गेलं, कारण खाली जुन्या, कधीच सोडून दिलेल्या खाणीची पोकळी होती. आपल्याकडे २००९ पासून कोळसा मंत्रालयाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक खाणीचा बंद करण्याचा आराखडा असावा लागतो आणि त्यासाठी चालू उत्पन्नातून वेगळ्या खात्यात पैसे ठेवावे लागतात. तुमच्या गावाजवळ वेकोलि या सरकारी कोळसा कंपनीची खाण चालू असेल, तर तो आराखडा ग्रामसभेत मागवा, मोठ्याने वाचून घ्या आणि त्यात जमीन सपाट करण्यापलीकडे पाणी, दवाखाना, शाळा आणि माणसं यांच्यासाठी किती रुपये लिहिले आहेत ते विचारा. खाण चालू आहे तोवरच विचारा.